हुकूम ते अर्ज : ॲक्सिलरेटरच्या पेडलची गोष्ट

तळहातावर मावेल एवढी एक डबी असते. तिला दोन प्लग असतात. ॲक्सिलरेटरच्या पेडलमागची वायर काढायची, मधे ही डबी जोडायची आणि तिचं छोटं बटण डॅशबोर्डवर चिकटवायचं. काम दहा-पंधरा मिनिटांचं. पेडलबॉक्स, स्प्रिंट बूस्टर, पेडल कमांडर अशा नावांनी या डब्या जगभर विकल्या जातात. गिऱ्हाईक बहुतेक वेळा स्पोर्ट्स कार चालवणारं, किंवा आपली साधी गाडी स्पोर्ट्स कारसारखी पळावी असं वाटणारं. डबी लावून पहिला फेरफटका मारून आलेला माणूस हमखास एकच वाक्य बोलतो : गाडी जागी झाली. आपल्याकडे त्यालाच ‘पिकअप आला’ म्हणतात.

गंमत अशी की या डबीने इंजिनाची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. पेडल पूर्ण दाबलं तर डबीसकट आणि डबीविना गाडी सारखीच पळते. मग लोक पैसे कशाचे मोजतात?

‘मूर्ख बनवतात झालं’ असं म्हणून विषय संपवता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही. ज्या अर्थी इतक्या लोकांना ही डबी हवीशी वाटते, त्या अर्थी त्यांच्या पायाला काहीतरी खुपत असणार. ते काय, हे शोधायला गेलं की गोष्ट थेट अठराव्या शतकात पोहोचते. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये कोण बसणार, या जुन्या भांडणाची ही गोष्ट आहे.

गळा कोणाच्या हातात?

‘थ्रॉटल’ या इंग्रजी शब्दाचा संबंध गळ्याशी आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ गळा आवळणे. पेट्रोल इंजिनात हवा आत जाणाऱ्या नळीत रुपयासारखी एक गोल चकती बसवलेली असते. ती आडवी फिरली की नळी बंद, उभी झाली की मोकळी. हाच इंजिनाचा गळा. आपण पेडल दाबतो तेव्हा पेट्रोल सोडतो असा आपला समज असतो. खरं तर आपण हवा सोडतो, आणि हवेच्या हिशेबाने पेट्रोल मागून येतं.

ही झडप मोटारीच्या आधीची. वाफेच्या इंजिनातही ती होती. १७८८ मध्ये जेम्स वॉटने तिला गव्हर्नर जोडला. दोन जड गोळे उभ्या दांड्याभोवती फिरत. इंजिन जास्त वेगाने फिरू लागलं की गोळे बाहेर फेकले जात आणि दांड्यांच्या जोडणीने वाफेची झडप थोडी बंद करत. इंजिन मंदावलं की गोळे खाली येत, झडप उघडे. ही कल्पना पवनचक्क्यांमध्ये आधीपासून होती. वॉटने ती वाफेच्या इंजिनावर आणली. गिरणीला एकसारखा वेग हवा होता आणि तो माणसाच्या हातापेक्षा गोळे चांगला सांभाळत. म्हणजे यंत्राने स्वतःचा गळा स्वतः सांभाळणं हे संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींनाही गव्हर्नर असे. इंजिन ठरावीक वेगापुढे जाऊ नये ही त्याची जबाबदारी. चढ आला किंवा पुढच्याला मागे टाकायचं असलं, की गव्हर्नरला तात्पुरतं बाजूला सारण्यासाठी एक वेगळं पेडल किंवा दांडी दिलेली असे. तिचं नाव ॲक्सिलरेटर. हा तपशील कळला तेव्हा मला फार मजा वाटली. आज ज्या पेडलला आपण गाडीचा मूळ अवयव समजतो, त्याच्या नावाचा जन्मच यंत्राने घातलेली मर्यादा ओलांडण्यासाठी झाला. ती डबी ज्या कामासाठी विकली जाते, नेमकं तेच काम.

पायाकडे सगळा कारभार लगेच आला नाही. १९०८ ला आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तीन पेडलं होती, पण त्यात ॲक्सिलरेटर नव्हता. थ्रॉटलची दांडी स्टिअरिंगखाली उजवीकडे असे आणि ती बोटांनी हलवायची. पुढे हळूहळू उजव्या पायाखालचं पेडल सगळीकडे रुळलं. पेडल, त्याला दांडा किंवा केबल, केबलच्या टोकाला झडप. मधे कुणी नाही. पाय एक इंच हलला की झडप त्या हिशेबात हलणारच. पायाचं राज्य सुरू झालं.

केबल खरंच इतकी सरळ होती?

जुन्या स्पोर्ट्स कारचे चाहते केबलची आठवण काढताना हळवे होतात. ‘तेव्हा पायाला इंजिन कळायचं’ असं म्हणतात. यात तथ्य आहे, पण केबलच्या काळातही पाय आणि इंजिन यांच्यात भाषांतरकार होतेच.

पहिला भाषांतरकार चकती स्वतः. कमी वेगावर फिरणाऱ्या इंजिनाला हवा फार लागत नाही. चकती तिसरा हिस्सा उघडली तरी त्याचं पोट जवळपास भरतं. पुढचं दाबणं नुसतं दाबणं. म्हणून अनेक गाड्यांत झडपेच्या टोकाला केबल गुंडाळायची जी चकरी असे, ती पूर्ण गोल नसून गोगलगायीच्या शंखासारखी असे. सुरुवातीला झडप सावकाश उघडावी आणि नंतर भराभर, एवढ्यासाठी. आज जे गणित सॉफ्टवेअरमध्ये लिहितात, ते तेव्हा पत्र्यात कापलेलं होतं.

दुसरी अडचण पेट्रोलची. पेडल एकदम दाबलं की हवा झटकन आत जाते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. क्षणभर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. यावर कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असे. पेडल दाबलं की तो पेट्रोलची जास्तीची पिचकारी मारायचा. अमेरिकेत होली कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये असे दोन पंप असलेला प्रकार निघाला. शर्यतवाल्या पोरांमध्ये तो ‘डबल पंपर’ नावाने गाजला. युरोपात इटलीच्या वेबर कंपनीचे जोडनळीचे कार्ब्युरेटर बसवून प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा गळा द्यायची पद्धत होती. झडप सिलिंडरच्या जितकी जवळ, तितका प्रतिसाद चटकन. म्हणजे पिकअप विकत घेण्याचा बाजारही जुनाच. फरक इतकाच की तेव्हा त्यासाठी हात काळे करावे लागत.

स्पोर्ट्स कारवाल्यांना याचं एवढं वेड का? वळणावर गाडी फक्त स्टिअरिंगने वळत नाही. पाय थोडा उचलला की वजन पुढे येतं, पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात. थोडा दाबला की वजन मागे जातं. जुन्या पोर्श ९११ मध्ये, जिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, भर वळणात पाय झटकन उचलला तर गाडीची शेपूट पुढे यायला निघे. अशा गाडीत उजवा पाय हे दुसरं स्टिअरिंग असतं. आणि स्टिअरिंगकडून आपण वेगापेक्षा भरवशाची अपेक्षा जास्त करतो. कालच्याएवढं फिरवलं तर कालच्याएवढंच वळायला हवं.

न दिसणाऱ्या माणसाला लागलेला झटका

पायाच्या राज्यात पहिली मोठी फट पाडली ती राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने. लहानपणी झालेल्या अपघातात त्याची दृष्टी गेली होती. त्याचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा; या झटक्यांना वैतागून टीटरने वेग धरून ठेवणारं यंत्र शोधलं, असा किस्सा सांगितला जातो. पेटंट १९५० चं. १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत ते आलं. आज त्याला आपण क्रूझ कंट्रोल म्हणतो. वॉटचे गोळे वेगळ्या रूपात परत आले होते.

मला यात टीटरची जागा महत्त्वाची वाटते. पिकअपबद्दल जे काही बोललं जातं ते चालवणाऱ्याच्या सीटवरून. त्याने शेजारी बसलेल्या, रस्ता न दिसणाऱ्या माणसाच्या मानेने विचार केला.

केबल तुटली

१९८७ मध्ये दोन यंत्रं लोकांसमोर आली. फेब्रुवारीत एअरबस ए३२० ने पहिलं उड्डाण केलं. या प्रवासी विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी संगणकाला सांगते आणि संगणक पंख हलवतो. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने बारा सिलिंडरची ७५०आय आणली. तिच्या पेडलपासून झडपेपर्यंत केबल नव्हती. पेडलला सेन्सर, झडपेला मोटर आणि मधे संगणक. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या पहिल्या गाड्यांपैकी ही एक. शर्यतीत १९९२ च्या मॅकलरेनच्या फॉर्म्युला वन गाडीत ही पद्धत आली, १९९७ मध्ये शेवरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये.

कंपन्यांना हे का हवं होतं? चाक घसरलं तर इंजिनाची ताकद आपोआप कमी करता यावी. १९९५ पासून मर्सिडीजमध्ये गाडी भरकटू न देणारी ईएसपी प्रणाली आली. तिलाही इंजिनाला ‘थांब’ म्हणायची सोय हवी होती. ऑटोमॅटिक गिअर बदलताना क्षणभर ताकद उतरवली की झटका बसत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण धूर. पेडल झटक्यात दाबलं-सोडलं की मिश्रण बिघडतं, धुराचे आकडे वाढतात. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा पायाचा उतावळेपणा कंपन्यांना परवडेनासा झाला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बॉशने इंजिनाच्या संगणकाची नवी मांडणी आणली. तिच्यात पेडलवरून येणाऱ्या संदेशाला जर्मनमध्ये ‘फारर-वुन्श’ म्हणतात. अर्थ : चालकाची इच्छा. या शब्दात सगळा बदल आला. केबल होती तेव्हा पाय हुकूम द्यायचा. आता पाय इच्छा व्यक्त करतो. संगणक ती इच्छा टॉर्कच्या आकड्यात उतरवतो, मग गिअरबॉक्सचं काय म्हणणं आहे, चाकं घसरतायत का, इंजिन थंड आहे का, धुराचं काय, हे सगळं बघतो आणि ठरवतो की अर्ज किती मंजूर करायचा. आपला सविनय अर्ज सरकारदरबारी जातो तसा. मंजूर होतो बहुतेकदा, पण टेबलं फिरून.

ही टेबलं फिरायला लागणारा वेळ तारेमुळे लागतो असा गैरसमज आहे. वीज केबलपेक्षा मंद नसते. लेक्सस एलएफए ही दहा सिलिंडरची गाडी घ्या. जेमतेम ५०० बनल्या. तिच्या दहाही गळ्यांच्या झडपा इलेक्ट्रॉनिक होत्या. कंपनीच्या सांगण्यानुसार तिचं इंजिन शांत फिरण्यापासून मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदात पोहोचे, इतकं चटकन की काट्याच्या मीटरऐवजी पडदा द्यावा लागला. म्हणजे उशीर तारेत नसतो. तो कुणीतरी ठरवून घातलेला असतो.

बीएमडब्ल्यूने तर हे उघडच केलं. १९९८ च्या एम५ मध्ये ‘स्पोर्ट’ बटण होतं. दाबलं की तेच पेडल, तेच इंजिन, पण झडप जास्त तत्परतेने उघडे. एका गाडीत दोन स्वभाव भरता येतात हे गिऱ्हाइकाला कळलं आणि मग एक प्रश्न आपोआप आला : माझ्या गाडीचा स्वभाव कोणी ठरवला?

जुनी गाडी शोधणारे लोक त्यावर आपलं उत्तर देतात. पोर्शची ९९६ पिढीची ९११ आली १९९७ मध्ये, तेव्हा साध्या कॅरेराला केबल होती. दोन-तीन वर्षांत ती गेली. होंडाच्या एस२००० ने १९९९ पासून केबल सांभाळली आणि २००६ मध्ये सोडली. अजूनही काही चाहते वर्ष बघून, केबलवाली गाडीच निवडून घेतात.

डबी नेमकं काय करते

ज्यांना जुनी गाडी नको, त्यांच्यासाठी डबी. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय हलला की दोघांचे व्होल्टेज बदलतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा आकडा दुसऱ्याच्या निम्मा असतो. संगणक दोन्ही ताडून बघतो. हिशेब जुळला नाही तर त्याला कळतं की काहीतरी बिघडलंय आणि तो ताकद उतरवून गाडी जपून चालवायला लावतो. डबी या दोघांचा निरोप मधेच उचलते आणि वाढवून पुढे देते. पाय वीस टक्के असेल तर ‘चाळीस’ सांगते. शंभराला मात्र शंभरच, कारण त्यापुढे सांगायला काही उरत नाही. थोडक्यात, आपल्या अर्जावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारून देणारा एजंट.

यातून दोन गोष्टी होतात. पेडलच्या पहिल्या इंचात सगळी गाडी येऊन बसते आणि शेवटचा इंच रिकामा होतो. आणि संगणक पुढे जो विलंब घालतो तो डबीला काढता येत नाही. ती फक्त मोठ्याने ओरडू शकते. टर्बोला फिरायला लागणारा वेळ तसाच. क्लच दाबल्यावरही काही गाड्यांचं इंजिन धुराच्या हिशेबासाठी वेग लगेच सोडत नाही, तेही तसंच.

एका मित्राच्या गाडीत अशी डबी आहे. खंबाटकी घाटात मी ती चालवली. मोकळ्या चढावर मजा आली, खोटं कशाला बोला. गाडी पायाशी बोलत असल्यासारखी वाटली. मग पुढे ट्रकांची रांग लागली. पहिल्या गिअरमध्ये वीतभर पुढे सरकायचं म्हटलं की गाडी उडी मारायची. मागे बसलेल्या त्याच्या आईने शेवटी पुढच्या सीटची पाठ धरून ठेवली. मला टीटरचा वकील आठवला. वळणावर हव्या असलेल्या मिलिमीटरभर नियंत्रणाच्या दृष्टीने बघितलं, तर हा सौदा उलटाच : पायाला जेवढी बारीक जागा होती, तीही कमी झाली. डबीने दिली ती तत्परता. खऱ्या स्पोर्ट्स कारला हवा असतो तो भरवसा.

खोटा घर्षण, खरा अपघात

ही सगळी हौसेची गोष्ट वाटत असेल तर २००९ आठवा. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी वेग कमी न होता जाऊन आदळली आणि चौघांचा जीव गेला. पेडल पायपुसण्यात अडकलं होतं. पुढच्या काही महिन्यांत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत बोलावलेल्या सुमारे २३ लाख गाड्यांचं कारण वेगळं होतं : दाबलेलं पेडल चिकटून राहण्याची शक्यता.

ते का चिकटायचं? केबल गेल्यावर पेडल पायाला पोकळ लागायला नको म्हणून त्यात घर्षण देणारा एक भाग मुद्दाम बसवला होता. केबलच्या जमान्यातली ओढ पायाला जाणवावी यासाठी. काही पेडलांत तोच भाग झिजून किंवा दमट होऊन अडकायला लागला. जुन्या भावनेची नक्कलच धोक्याची ठरली.

पण संशय संगणकावरही होता. अमेरिकी सरकारने थेट नासाच्या अभियंत्यांना कामाला लावलं. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात, गाडी भरधाव सुटेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचं सांगितलं गेलं. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने मात्र एका कॅमरीच्या अपघातात टोयोटाला जबाबदार धरलं. तिथे तज्ज्ञांनी सॉफ्टवेअरमधले दोष मांडले होते. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले.

या प्रकरणाने दोन्ही बाजू दाखवल्या. केबल अडकली तर ती अडकलीच. तारेवरच्या गाडीत मात्र ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचं ऐकायचं, असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. टोयोटाने पुढे ते सगळीकडे दिलं. दुसरी बाजू अशी की पेडल आणि संगणक यांच्यातली ती दोन सेन्सरची साखळी हा सुरक्षेचा गाभा आहे. डबी बसते नेमकी तिथे. ती बसली की संगणकाला पाय दिसत नाही, डबी सांगेल ते दिसतं. त्यामुळे डबी स्वस्त आहे की महाग, यापेक्षा ती कोणी बनवली आणि बिघडली तर काय करते, हा प्रश्न मोठा.

रेस कोणाची?

हा विषय आता महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. यामाहाच्या आर६ ने २००६ मध्ये बाइकच्या थ्रॉटलला संगणकाच्या हवाली केलं. आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला २०१७ मध्ये ते मिळालं. म्हणजे पुण्यातलं एखादं पोरगं सिग्नलला ‘रेस’ देतं, तेव्हा तेही अर्जच करत असतं. इलेक्ट्रिक गाडीत तर मोटर क्षणात ताकद देते. तिथे कंपनी उलट ती ताकद सॉफ्टवेअरने मऊ करून पायाला देते.

म्हणून केबलचं राज्य परत आणा, ही मागणी मला पटत नाही. चाक घसरल्यावर गाडी सावरणारा संगणक मला हवा आहे. पण पायाचं किती ऐकायचं ही रेघ ज्याने आखली, त्याने ती मला दाखवायलाही हवी. मोबाइलमध्ये पडद्याचा उजेड, टचची संवेदना, कर्सरचा वेग आपण ठरवतो. लाखो रुपयांच्या गाडीत मात्र ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ असे तीन शब्द मिळतात आणि त्यामागचा आलेख कुणी दाखवत नाही. ती रेघ मालकाच्या हातात, सुरक्षित मर्यादेत दिली असती, तर या डब्यांचा निम्मा बाजार उरला नसता.

तोपर्यंत, डबीचा मोह झालाच तर आधी दोन गोष्टी करून बघा. गाडीत स्पोर्ट मोड असेल तर आठवडाभर तोच लावून चालवा. डबी जे करते त्यातलं बरंचसं तो करतो, आणि तो त्याच संगणकाला माहीत असतो. त्या आठवड्यात एकदा घरातल्या कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून घाट चढा, आणि उतरल्यावर त्यांना विचारा.